ऑनलाइन लिलावातील इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि फसवणूक : थांबता आले असते तो क्षण (अनुभव धागा)

माझ्या पुतणीने शिक्षणासाठी वापरलेला लॅपटॉप घ्यायचे ठरवले आणि एका ऑनलाइन लिलावात बोली लावली. शेवटच्या मिनिटात दुसऱ्या कोणाची तरी बोली थोडक्यात वर गेली आणि लॅपटॉप तिच्या हातून निसटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ईमेल आला. जिंकणाऱ्याने माघार घेतली आहे, तुमच्या शेवटच्या बोलीच्या रकमेला लॅपटॉप देण्यास आम्ही तयार आहोत, मात्र लिलाव बंद झाल्यामुळे रक्कम थेट खात्यात भरावी, असे त्यात लिहिले होते. हरल्याची हळहळ अजून ताजी होती. तिने तासाभरात पैसे भरले. लॅपटॉप आला नाही आणि विक्रेत्याकडून पुन्हा उत्तरही आले नाही.

हरलेल्या बोलीदाराला दुसरी संधी देण्याची सोय काही लिलाव-संकेतस्थळांवर खरोखरच असते, म्हणून तो ईमेल तिला खरा वाटला. परंतु असा प्रस्ताव खरा असेल तर तो आपल्या खात्यात लॉगिन केल्यावर तिथल्या संदेशपेटीतही दिसतो आणि पैसेही नेहमीच्याच मार्गाने भरले जातात. तिची संदेशपेटी रिकामी होती, हे तिने पैसे गेल्यावर पाहिले. जास्तीचे फोटो हवेत म्हणून लिलाव चालू असताना तिने विक्रेत्याला आपला ईमेल पत्ता दिला होता, हेही तेव्हाच आठवले. वरची बोली लावून ‘जिंकणारा’ त्याच विक्रेत्याचे दुसरे खाते होते, असा माझा अंदाज आहे.

तिचे पैसे परत मिळण्याची शक्यता कमी आहे. पण पुढच्या कोणाचे तरी वाचावेत, या इच्छेने हा धागा सुरू करत आहे. आपला अनुभव जरूर लिहावा. एकच विनंती आहे : ठगाने काय केले याबरोबरच, आपल्याला नेमके कोणत्या क्षणी थांबता आले असते, हेही आठवून लिहावे.

*

मी मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. लिलावात स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला फोन ‘जरा उघडून द्या’ असे म्हणत लोक माझ्याकडे येतात आणि बहुतेक वेळा मला नाही म्हणावे लागते, म्हणून सविस्तर लिहितो. आयफोनमध्ये २०१३ साली आयओएस ७ बरोबर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आले आणि अँड्रॉइडमध्ये ५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, तसेच संरक्षण आले. आधीच्या मालकाचे खाते फोनवरून काढलेले नसेल तर फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू केला तरी तो त्याच खात्याचा पासवर्ड मागतो. असा फोन चोरीचा असू शकतो, किंवा मालक प्रामाणिक पण विसराळूही असू शकतो. घेणाऱ्यासाठी मात्र तो दोन्ही परिस्थितींत निरुपयोगीच असतो. जाहिरातीत फोन नुसता चालू असलेला, स्वागताच्या पडद्यावर थांबलेला दाखवला असेल तर मी ती खूण धोक्याची मानतो. आतल्या सेटिंगच्या पानाचा फोटो मागावा, त्यात कोणाचेही खाते जोडलेले नसावे.

दुसरी गोष्ट आयएमईआयची, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाची. हा क्रमांक १५ अंकी असतो, त्यातले पहिले ८ अंक मॉडेल सांगतात आणि शेवटचा अंक आधीच्या १४ अंकांवरून गणिताने काढलेला पडताळा-अंक असतो. त्यामुळे मनाने रचलेला क्रमांक पुष्कळदा तिथेच उघडा पडतो. दुसऱ्या खऱ्या फोनचा चोरलेला क्रमांक मात्र या गणितात पकडला जात नाही. फोन हाती आल्यावर *#०६# दाबून दिसणारा क्रमांक, सेटिंगमधला क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक असे तिन्ही जुळवून पाहावेत. विक्रेत्याने जाहिरातीच्या फोटोत शेवटचे काही अंक झाकले असतील तर त्याच्यावर लगेच संशय घेऊ नये, कारण उघडा क्रमांक उचलून गैरवापर करणारेही आहेत. बोली लावण्यापूर्वी खाजगी संदेशातून तो विचारता येतो.

आणखी एक सावधगिरी. आज काळ्या यादीत, म्हणजे मोबाइल कंपन्या ज्यांना सेवा नाकारतात अशा फोनच्या यादीत, नसलेला फोन महिन्याभराने त्या यादीत जाऊ शकतो : विक्रेता फोन विकतो आणि नंतर हप्ते थकवतो किंवा तो हरवल्याची खोटी तक्रार करतो. यावर खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही. मूळ खरेदीची पावती मागणे आणि व्यवहाराचे सगळे संदेश जपून ठेवणे एवढेच आपल्या हातात राहते.

*

लॅपटॉपच्या बाबतीत वरच्या कुलपाचेच दुसरे रूप मी भोगले आहे. मला मिळालेला लॅपटॉप एखाद्या कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेला असावा. मी तो पुसून नव्याने प्रणाली भरली. इंटरनेट जोडताच तो त्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागू लागला, कारण नोंदणी यंत्राच्या डिस्कवर नसून त्याच्या अनुक्रमांकाशी जोडून दूरच्या सर्व्हरवर होती. विक्रेत्याने दाखवलेला व्हिडिओ इंटरनेट बंद ठेवून काढलेला होता. वायफाय जोडलेल्या अवस्थेत तो नव्याने सुरू करून दाखवा, एवढे मी म्हटले असते तर तिथेच उलगडा झाला असता.

*

माझा अनुभव लिहिताना अजूनही जीव कासावीस होतो. माझ्या आजीच्या तोंडच्या आठवणी, ओव्या आणि गाणी मी दोन वर्षे ध्वनिमुद्रित करत होते. त्यासाठी लिलावात ५१२ जीबीचे मेमरी कार्ड घेतले. विक्रेत्याचे अभिप्राय शेकड्यांनी आणि जवळजवळ सगळे चांगले होते. कार्ड आले, संगणकात घातले, संगणकाने ५१२ च्या आसपासचा आकडा दाखवला आणि मी समाधानाने वापरू लागले. काही महिन्यांनी जुनी मुद्रणे ऐकायला घेतली. फायलींची नावे होती, तारखा होत्या, आकारही बरोबर होते. आत आवाज नव्हता.

नंतर जे समजले ते असे. अशा नकली कार्डात प्रत्यक्ष चिप अगदी लहान क्षमतेची असते, पण तिच्यावर देखरेख करणाऱ्या कंट्रोलरला खोटी क्षमता सांगायला शिकवलेले असते. संगणक कार्डालाच विचारतो आणि कार्ड खोटे उत्तर देते. खरी जागा भरेपर्यंत सगळे सुरळीत चालते. पुढे लिहिलेला मजकूर एक तर कुठेच साठत नाही किंवा आधीच्या मजकुरावर लिहिला जातो आणि तरीही ‘जतन झाले’ असाच निरोप मिळतो. म्हणूनच त्या विक्रेत्याचे अभिप्राय चांगले होते : बहुतेकांनी कार्ड घातले, आकडा पाहिला आणि त्याच दिवशी शाबासकी लिहून टाकली. मीसुद्धा तेच केले होते. माझ्याही अभिप्रायावर विसंबून पुढे कोणी तरी ते कार्ड घेतले असेल, याचे मला फार वाईट वाटते.

तपासणी अवघड नाही. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री या मोफत प्रणाली संपूर्ण कार्ड ठरावीक मजकुराने भरतात आणि तो परत वाचून जुळवतात. मोठ्या कार्डाला यात कित्येक तास लागतात, ते लागू द्यावेत. कार्ड रिकामे असतानाच ही तपासणी करावी. एक खुलासा करते, म्हणजे विनाकारण कोणावर आरोप होणार नाही : ५१२ जीबीचे अस्सल कार्डही विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत. तो फरक म्हणजे फसवणूक नव्हे.

माझा थांबण्याचा क्षण कार्ड हाती आले त्या संध्याकाळचा होता. तक्रारीची मुदत तेव्हा पूर्ण शिल्लक होती. मला कळले तेव्हा ती केव्हाच उलटली होती आणि आजीही राहिली नव्हती.

*

वरील अनुभवाबद्दल मनापासून वाईट वाटले. हीच लबाडी बॅटरीत कशी असते ते थोडक्यात लिहितो. १८६५० या आकाराच्या लिथियम सेलवर ९,९०० एमएएच (बॅटरीची क्षमता मोजण्याचे एकक) असे छापलेले सर्रास दिसते. आजच्या उत्तम सेलमध्येही या आकारात साधारण ३,५०० एमएएचच्या आसपासच क्षमता बसते. असा आकडा दिसला की पुढचे काही वाचूच नये. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. मला मिळालेले फारच हलके होते आणि त्यातला एक फुटला तेव्हा आत छोटा सेल आणि भोवती पांढरी पूड निघाली. यात पैशांपेक्षा आगीचा धोका मोठा आहे.

*

ग्राफिक्स कार्डातही कंट्रोलरसारखीच युक्ती चालते. जुन्या पिढीच्या कार्डाचे बायोस, म्हणजे कार्डात कायम साठवलेली मूळ आज्ञावली, बदलून त्याला नव्या मॉडेलचे नाव घेऊन उभे करतात. संगणक ते नाव निमूट दाखवतो, पण खेळ सुरू केला की कार्ड अडखळते किंवा संगणक बंद पडतो. जीपीयू-झेड या मोफत प्रणालीत २०१८ पासून अशी अनेक नकली एनव्हिडिया कार्डे ओळखण्याची सोय आहे. मी मात्र त्याआधीच्या पायरीवर वाचलो. फोटोत कार्डाच्या मागच्या कडेला मॉनिटर जोडण्याचा जुना निळा व्हीजीए जोड दिसत होता आणि ज्या मॉडेलचे नाव लिहिले होते त्याला तो नसतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावरचा फोटो शेजारी ठेवून दोन मिनिटे पाहिले, एवढेच मी केले होते.

*

वर्णन नीट वाचण्याचा मुद्दा कोणी तरी मांडायला हवा, म्हणून लिहिते. २०१३ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या एका तरुणाने लिलाव-संकेतस्थळावर नवा एक्सबॉक्स वन (व्हिडिओ गेमचे यंत्र) समजून पैसे भरले आणि घरी त्या यंत्राचे छायाचित्र आले. वर्णनात ‘छायाचित्र’ हा शब्द लिहिलेला होता. वस्तू व्हिडिओ गेमच्या यंत्रांच्या विभागात असल्यामुळे आपण यंत्रच घेतो आहोत असे त्याला वाटणे साहजिक होते आणि त्याचे पैसे पुढे परत मिळाले. पण माझ्यासारख्या अनेकांना ‘फक्त खोके’, ‘सुट्या भागांसाठी’, ‘तपासलेले नाही, आहे तसे’ असे शब्द घड्याळ शून्याकडे धावत असताना दिसलेच नाहीत, हेही खरे आहे. विशेषतः ‘तपासलेले नाही’ याचा अर्थ मी आता ‘तपासले आणि बंद निघाले’ असाच धरते. ज्याच्या घरी वीज आणि चार्जर आहे त्याने यंत्र एकदाही सुरू करून पाहिले नाही, हे मला पटत नाही.

आता मी लिलाव संपण्याच्या आदल्या रात्री वर्णन मोठ्याने वाचते आणि एक कमाल रक्कम ठरवून ती एकदाच भरते. बऱ्याच ठिकाणी संगणक आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेतो, त्यामुळे जिंकल्यास आपण साधारणपणे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा थोडेच जास्त देतो. अशा पद्धतीत आपल्याला वाटणारे खरे मोल एकदाच सांगणे फायद्याचे ठरते, असे अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्येच दाखवले होते. विक्रेत्याच्या बगलबच्च्यांनी भाव चढवला तरी मी माझ्या रकमेपलीकडे ओढली जात नाही.

*

माझ्या बाबतीत पार्सल ‘पोहोचले’ असा शेरा होता आणि घरी काहीच आले नव्हते. ठगाने माझ्याच टपाल विभागातल्या दुसऱ्या पत्त्यावर एक हलके पाकीट पाठवले होते, म्हणजे माग काढण्याच्या नोंदीत विभाग बरोबर दिसावा. तक्रार पहिल्यांदा फेटाळली गेली. मग मी कुरिअरकडून पत्ता आणि वजन यांचा लेखी दाखला घेतला. कॅमेरा अर्ध्या किलोपेक्षा जड आणि पाकीट काही ग्रॅमचे, हे कागदावर दिसताच निर्णय बदलला. मी क्रेडिट कार्डाने आणि लिलावाच्याच व्यवस्थेतून पैसे भरले होते, म्हणून दाद मागायला जागा होती. विक्रेत्याने आधी ‘शुल्क वाचेल’ असे सांगून पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेचा मित्र-आप्तांसाठीचा पर्याय वापरायला सुचवले होते. त्या पर्यायाला खरेदी-संरक्षण मिळत नाही, हे मला योगायोगाने ठाऊक होते. खरे तर ती सूचना आली तेव्हाच मी सौदा सोडायला हवा होता.

तेव्हापासून मी पार्सल उघडण्यापूर्वी लेबल दिसेल असे वजन करतो आणि न थांबता व्हिडिओ काढत ते उघडतो.

*

सर्वांचे आभार. पुतणीने सगळे प्रतिसाद वाचले, मेमरी कार्डाचा दोनदा वाचला. बँकेत आणि पोलिसांकडे तक्रार नोंदवली आहे, पुढे काय होते ते इथेच कळवीन.

ती सध्या दुसऱ्या एका लॅपटॉपवर लक्ष ठेवून आहे. विक्रेत्याचे खाते जुने आहे, पण आजवर त्याने फक्त मोबाइलची कव्हरे विकलेली आहेत आणि या आठवड्यात एकदम नऊ लॅपटॉप मांडले आहेत. कोणाचे तरी जुने खाते पळवून वापरले जात असेल तर ते असेच दिसेल, म्हणून तिने एका कागदावर तिने सांगितलेला आकडा लिहून तो चालू लॅपटॉपशेजारी ठेवलेला फोटो मागितला. फोटो आला, आकडाही बरोबर आहे, मात्र तळाच्या लेबलवरचे मॉडेल जाहिरातीतल्या मॉडेलशी जुळत नाही. तिने तसे विचारले आहे. लिलाव उद्या रात्री संपतो आणि उत्तर आल्याशिवाय ती बोली लावणार नाही.