लग्न मोडले, तर छायाचित्रकाराने विसार परत करावा का?

मंगलकोन (धागाकर्ता)
मी सातारा-कराड भागात गेली चौदा वर्षे लग्नाची छायाचित्रे काढतो. तारीख ठरवताना एकूण रकमेचा चौथा हिस्सा विसार म्हणून घेतो आणि लग्न रद्द झाल्यास विसार परत मिळणार नाही, असे पावतीवर स्वच्छ अक्षरांत लिहून देतो. गेल्या महिन्यात एका कुटुंबाने लग्नाच्या एकोणीस दिवस आधी सोयरीक मोडल्याचे कळवून 30,000 रुपये परत मागितले. मी नकार दिला आणि तो योग्यच होता असे मला वाटते.

आम्ही विकतो ती मुख्यतः तारीख. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की चांगल्या तिथीला एकाच दिवशी चार ठिकाणांहून विचारणा होते आणि ज्याने आधी विसार दिला त्याच्यासाठी बाकीच्यांना नाही म्हणावे लागते. या तारखेला मी तिघांना नाही म्हटले होते. वहीच्या समासात त्यांचे नंबर अजून आहेत. एकोणीस दिवस उरले असताना ते परत येत नाहीत, कारण त्यांनी केव्हाच दुसरा माणूस पाहिलेला असतो. शिवाय व्हिडिओवाल्याला 8,000 आणि ड्रोनवाल्याला 3,000 रुपये मी आधीच दिले होते. 22 एप्रिल 2021 पासून राज्यात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली, तेव्हा ज्यांनी लग्ने रद्द केली त्यांचा विसार मी पूर्ण परत केला, कारण त्यात त्यांचा दोष नव्हता. सोयरीक मोडणे हा मात्र दोन घरांचा निर्णय आहे. त्याचा भार तिसऱ्याने का उचलावा?

हळदीचे अंगण
मी मुलीचा बाप म्हणून लिहितो आहे. लग्नाला अकरा दिवस असताना माझा सख्खा भाऊ गेला. सुतकात कार्य करणे शक्य नव्हते, म्हणून लग्न दीड महिना पुढे ढकलले. आचाऱ्याने सगळे पैसे परत केले आणि कार्यालयाने थोडी रक्कम कापून नवी तारीख दिली. छायाचित्रकाराने मात्र 40,000 रुपयांचा विसार बुडाला असे सांगून नव्या तारखेसाठी नवा विसार मागितला. पुढे त्याच्याच कामाचे नमुने पाहताना एक फोटो दिसला. त्यात स्टेजच्या मागच्या फलकावर दुसऱ्याच वधूवरांची नावे होती आणि खाली आमची जुनी तारीख. म्हणजे त्या दिवशी तो रिकामा बसला नव्हता. एका तारखेचे पैसे दोन घरांकडून घेणे हा कुठला न्याय?

मंगलकोन
आपल्या घरावर ओढवलेल्या प्रसंगाचे मनापासून दुःख आहे. लग्न पुढे गेले, तर मी तोच विसार वर्षभरात कोणत्याही मोकळ्या तारखेला धरतो आणि वेगळे काही घेत नाही. आपल्याशी जे झाले त्याचे समर्थन मी करणार नाही. माझे म्हणणे केवळ मोडलेल्या लग्नापुरते आहे.

कलमवाचक
पावतीवर लिहिले म्हणजे सगळी रक्कम ठेवता येते, हा समज तपासून पाहायला हवा. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारभंगासाठी रक्कम ठरवून ठेवली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई. ठरवलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली मौला बक्ष प्रकरणात वाजवी विसार जप्त करणे हा दंड नव्हे असे म्हटले, आणि मंगलकोन यांची बाजू त्यावर उभी राहू शकते. पण 2015 च्या कैलाशनाथ प्रकरणात दिल्ली विकास प्राधिकरणाने भूखंडाच्या लिलावातला 78 लाखांचा विसार जप्त केला होता आणि तोच भूखंड पुढे कितीतरी जास्त किमतीला विकला होता. प्राधिकरणाचे नुकसानच झाले नाही, आणि खरेदीदाराने करारही मोडलेला नव्हता, म्हणून ती जप्ती टिकली नाही. तोटा नसेल तर भरपाई नाही, हे त्या निकालात स्पष्ट आहे. तारीख दुसऱ्याला दिली गेली असेल, तर तिलाही हेच लागू व्हावे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्येही, तोट्याच्या मानाने अवाजवी दंड लादणारा करार अनुचित मानला आहे.

नवा शटर
मी चार वर्षांपूर्वी हे काम सुरू केले आणि मला हे अजिबात पटत नाही. भूखंड पुन्हा विकता येतो, गेलेला मुहूर्त विकता येत नाही. नाकारलेल्या प्रत्येक फोनचा पुरावा ठेवून ग्राहक आयोगापुढे उभे राहणे माझ्यासारख्या एकट्या माणसाला जमणार नाही. लोकही काही कमी करत नाहीत. गेल्या हंगामात एका घराने आम्हा तिघांकडे 5,000 रुपयांचे टोकन देऊन तारीख अडवली आणि शेवटच्या आठवड्यात दोघांना सोडले. विसार परत मिळतो हे कळले, तर असे सर्रास होईल. विसार कमी घ्या आणि बाकी हप्त्यांत घ्या, असे शहरातले लोक सुचवतात. आमच्याकडे अक्षता पडेपर्यंत दुसरा हप्ता कोणी देत नाही आणि अल्बम हातात येईपर्यंत तिसरा.

अल्बमची वाट
ग्राहकाने रद्द केले तर काय, एवढेच सगळे बोलत आहेत. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजनाची तयारी चालू असताना, छायाचित्रकार आजारी असल्याचा निरोप आला. सकाळी एक शिकाऊ मुलगा आला, त्याच्याकडे एकच बॅटरी होती आणि सप्तपदीच्या वेळी ती संपली. विसारातला एक रुपयाही परत मिळाला नाही. याच करार कायद्याच्या कलम 65 खाली एक उदाहरण दिले आहे: गाण्याच्या कार्यक्रमासाठी 1,000 रुपये आगाऊ घेतलेला गायक आजारी पडून गाऊ शकला नाही, तर त्याने बुडालेल्या नफ्याची भरपाई देण्याची गरज नाही, पण ते 1,000 रुपये परत करायलाच हवेत. आपल्यापैकी किती जणांच्या पावतीवर स्वतःसाठी अशी ओळ आहे?

मंगलकोन
माझ्या पावतीवर नाही, हे मान्य करतो. ती ओळ घालीन. कलमवाचक यांनी लिहिल्यानंतर त्या तारखेचा हिशेब पुन्हा मांडला. बाहेर गेलेले 11,000 परत येणार नाहीत आणि त्या दिवशी मला एका बारशाचे 6,000 रुपयांचे काम मिळाले. ते 6,000 मी त्या कुटुंबाला देईन. उरलेले 24,000 मी ठेवणार आहे, कारण हातची गेलेली तीन लग्ने त्याहून मोठी होती.

हळदीचे अंगण
बारशाचे काम आपण इथे सांगितले म्हणून कळले. ज्याच्या घरातले लग्न मोडले आहे, त्याला ते कसे कळावे? पावतीवर ही अट येणार असेल, तर त्या तारखेचे वहीतले पान पाहण्याचा हक्कही त्याच पावतीवर यावा.

नवा शटर
मी माझी वही कोणालाही दाखवणार नाही. त्यात दुसऱ्या घरांचे नंबर आणि ठरलेले भाव असतात, आणि तेही विश्वासानेच दिलेले असतात.