शब्दचर्चा : प्रश्नावलीतलं ‘उदास’ आणि आपलं ‘बेजार’

डिचोलीहून : मंडळी, पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली आमच्या भागात, म्हणजे इथं गोव्यात, वाचून दाखवायची आहे. मराठी मसुदा मिळालाय, पण फार पुस्तकी आहे. दुसरा प्रश्न असा : ‘गेल्या दोन आठवड्यांत उदास, खिन्न किंवा हताश वाटलं का?’ एक आजी म्हणाल्या, “उदास न्हय गो बाये, बेजार जाता.” मग ‘बेजार’च घालू का? मराठीत तर बेजार म्हणजे त्रासलेला.

साखळीहून : ताई, मराठीत डास बेजार करतात, सावकार बेजार करतो. कोंकणीत बेजार होतं ते मन. वाईट वाटलं, खट्टू झालं, करमेनासं झालं की ‘बेजार’. शब्द मूळचा फारसी, इथं येऊन मवाळ झाला. ‘खंत’चीही तीच गत. मराठीत खंत बहुधा झाल्या गोष्टीची, तर ‘खंत करिनाका’ म्हणजे काळजी करू नको. आपण गोंयकार मराठी लिहितो ती पुण्याकडे बघून आणि बोलतो ती शेजारणीच्या कोंकणीला टेकून. त्यामुळे महाराष्ट्रात तयार झालेला मसुदा इथं जसाच्या तसा चालेल असं धरू नका.

तरी माझं मत ‘बेजार’च्या विरुद्ध. शब्द फार स्वस्त आहे. फुटबॉलचा सामना हरला तरी माणूस बेजार. या प्रश्नावलीत नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण 27, आणि साधारणपणे 10 किंवा जास्त आले की पुढची तपासणी. शब्द सैल केला की होकार वाढतात, गुण वाढतात, आणि 10 ची ती रेघ आपल्यापुरती खोटी ठरते.

मडगावहून : म्हणून तर रेघ स्थानिक पातळीवर पुन्हा तपासायची असते. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशा पाच प्रश्नावल्या एकमेकींशी ताडून पाहिलेला अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. पर्वरीच्या ‘संगाथ’ या मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेनं पीएचक्यू-९ वापरून केलेलं समुपदेशनाचं काम तर 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक विक्रम पटेल. त्यांनी आधी झिम्बाब्वेत शोना भाषेची स्वतंत्र प्रश्नावली केली होती, लोक आपलं दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात तिथून सुरुवात करून. भाषांतरच करायला हवं असं कुठं आहे?

बाळंतिणींसाठीची एडिनबरा प्रश्नावली पाहा, 1987 ची. तिच्यातल्या एका इंग्रजी वाक्याचा शब्दशः अर्थ ‘गोष्टी माझ्या वर चढून बसल्यात’ असा होतो. एका मसुद्यात ‘सगळं डोईजड झालं’ वाचलं. डोईजड माणूस होतो हो, सूनबाई किंवा कारकून! ‘कामं अंगावर येतात’ किंवा नुसतं ‘झेपत नाही’ म्हणा, बाळंतीण लगेच मान डोलावेल.

डिचोलीहून : पण आमच्याकडे मराठीचं इंग्रजीत उलट भाषांतर करून ताडलं होतं. सगळं जुळलं.

मडगावहून : जुळणारच. ‘खिन्न’चं इंग्रजी कुठल्याही शिकलेल्या माणसाला येतं. उलट भाषांतर करणारा पेशंट नसतो. प्रश्न वाचून ‘यातून तुम्हाला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं चार घरी विचारा, तिथं खरी परीक्षा. आणखी एक गंमत. ‘दुसऱ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी तुम्हाला दिसतात का?’ असा भासाचा प्रश्न दुसऱ्या काही प्रश्नावल्यांत असतो. कोंकणीत ‘म्हाका दिसता’ म्हणजे मला वाटतं. अर्धा गाव ‘होय’ म्हणेल. तिथं ‘डोळ्यांनी’ हा शब्द घालाच.

पेडण्याहून : शब्दांपेक्षा मला उत्तरांचे पर्याय छळतात. ‘निम्म्याहून अधिक दिवस’! काजूच्या दिवसांत बागेत राबणारी बाई दिवस मोजत बसत नाही. आम्ही म्हापशाचा बाजार धरतो. ‘मागच्याच्या मागच्या शुक्रवारपासून आजपर्यंत, एखाद-दुसरा दिवस, की बरेच, की रोजच?’ असं विचारलं की उत्तर येतं.

आता ‘उदास’ की ‘बेजार’, त्याबद्दल : ‘मन लागत नाही, जीव उदास होतो, बेजार वाटतं, असं सारखं होतं का?’ ‘सारखं’नं बेजारचा स्वस्तपणा थोडा आवरतो, आणि ‘उदास’ही राहतो. तिन्ही एकत्र वाचून बघा.

साखळीहून : ‘सारखं’ नको. किती दिवस ते पर्यायांत येतंच, प्रश्नातही घातलं तर दोनदा मोजलं जाईल. ‘मन लागत नाही’ मात्र पहिल्या प्रश्नाकडे झुकतं, तो रस नसण्याबद्दल आहे. तेवढं वगळा. बाकी मान्य.

डिचोलीहून : आणि नववा? मसुद्यात ‘मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी असं वाटणं’ असं एकत्र आहे.

पेडण्याहून : तिथं शब्द मऊ करू नका, ‘जिवाचं बरंवाईट’ही नको, नेमकं काय ते कळत नाही. पण ‘देवानं उचललं तर बरं’ हे आमच्याकडे सत्तरीची प्रत्येक म्हातारी म्हणते. होकार आला की तिथंच थांबून साध्या भाषेत विचारायचं, स्वतः काही करावंसं वाटतं का, काही ठरवलंय का. आणि ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडायचं नाही, केंद्रातल्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं. उरलेले कागद नंतर भरता येतात.