पॅकेट 'पकडायचं' की 'टिपायचं'?

डिप्लोमाच्या मुलांसाठी वायरशार्क या नेटवर्कवरची ये-जा पाहायच्या सॉफ्टवेअरच्या प्रात्यक्षिकाची मराठी टिपणं काढतेय. पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा. 'पॅकेट कॅप्चर'ला 'पकडणे' लिहिलं, तर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पकडलं तर ते पुढे पोचतं कसं?" दुसरा शब्द सुचवाल का? 'स्निफर'लाही, म्हणजे असं कॅप्चर करणाऱ्या साधनालाही, हवाय.

—

मुलीची शंका रास्त आहे. मूळ पॅकेट आपल्या वाटेनं निघून जातं, आपल्याकडे उरते ती नक्कल. म्हणून 'टिपणे'. फोटोग्राफर क्षण टिपतो तसं.

पॅकेटला मात्र पॅकेटच राहू द्या, पण समजावताना 'पाकीट' जरूर वापरा. 1965 च्या सुमारास ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस यांनी हा शब्द निवडला, तोही भाषातज्ज्ञाला विचारून, इतर भाषांतही रुळेल असा. आपल्याकडे तो पाकीट होऊन केव्हाच रुळलेला होता! वरचा पत्ता म्हणजे हेडर, आतला कागद म्हणजे पेलोड. टीएलएस (मजकूर कुलूपबंद करून पाठवायची पद्धत) असेल तर कागद वाचता येत नाही, पत्ता मात्र दिसतोच.

—

पण चिमणी दाणा टिपते तेव्हा दाणा जागेवर राहत नाही.

—

खरंय. तरी ऐकून टिपून घेणं, नजरेनं टिपणं हे अर्थ मुलांच्या जास्त जवळचे आहेत. शिवाय फाइलमध्ये साठतं ते 'टिपण'च.

'स्निफर' हे 1986 मध्ये नेटवर्क जनरल कंपनीनं आणलेल्या उपकरणाचं नाव, पुढे सामान्यनाम झालं. 'हुंगणे' शब्दशः बरोबर, पण मला 'कानोसा घेणे' आवडतं. एरवी नेटवर्क कार्ड दुसऱ्याच्या पत्त्यावरची फ्रेम (पॅकेट ज्यात गुंडाळून येतं ती) टाकून देतं. प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये समोर येईल ती घेतं. समोर येईल तीच, हे महत्त्वाचं. स्विच (नेटवर्कमधली यंत्रं जोडणारी पेटी) दुसऱ्याची फ्रेम सहसा तुमच्या पोर्टकडे पाठवतच नाही, म्हणून मिररिंग, म्हणजे त्या फ्रेमची नक्कल आपल्या पोर्टकडे पाठवायची सोय, लावावं लागतं. कानोसा घ्यायलाही आवाज आधी दारापर्यंत यावा लागतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कवर हे करू नये, तेही टिपणात घाला.

—

'टिपणे' घेते, 'कानोसा'ही. फिल्टरला 'गाळणी' चालेल?

—

चालेल, पण दोन वेगळ्या सांगा: टिपतानाची आणि पाहतानाची. पहिलीनं गाळलेलं पॅकेट फाइलमध्ये येतच नाही, ते नंतर मिळणार नाही. दुसरी नुसतं लपवते, काढली की सगळं पुन्हा दिसतं.