रॅप्टरचा सूट: मान खाली येते, डरकाळी मागे राहते

पडद्याआडून:
फिरत्या डायनोसॉर शोसाठी एका माणसाने घालायचा रॅप्टर बनवलाय. नाकापासून शेपटीपर्यंत साडेतीन मीटर, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, वर फोम आणि कापड. डोकं ३ किलोचं, कंबरेच्या ८० सेमी पुढे. चालताना मान खाली येते आणि सगळा भार आतल्या कलाकाराच्या हातांवर पडतो. जबडा सायकलच्या ब्रेक केबलवर आहे. मान डावीकडे वळवली की तो आपोआप उघडतो. डरकाळी ब्लूटूथ स्पीकरमधून येते, तीही उशिरा. शिवाय पुढच्या रांगेतली चिमुकली रडतात.

तोलमाप:
आधी तोल साधा, बाकीचं नंतर. २००७ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या ‘वॉकिंग विथ डायनोसॉर्स’ या अरिना शोमध्ये एका मोठ्या प्राण्यामागे तिघं असतात: एक आत बसून गाडी चालवतो, दोघं दुरून मान-शेपूट आणि जबडा-डोळे सांभाळतात. तुमच्याकडे हे सगळं एकट्यावर आहे, म्हणजे त्याचे हात मोकळे हवेतच.

सूट खांद्यावरून टांगू नका. ट्रेकिंगच्या सॅकचा जाड कंबरपट्टा घ्या आणि सांगाडा दोन्ही बाजूंना एकेका बोल्टवर झुलता ठेवा. पुढचा ओढा ३ × ८० = २४०. मागे १२० सेमीवर २ किलो लावले की तेवढाच होतो. मात्र टोकाशी वजन असलं की वळल्यावर शेपूट लवकर थांबत नाही आणि मुलांना लागते. त्यापेक्षा ६० सेमीवर ४ किलो लावा: २ किलो जास्त वागवावे लागतील, पण त्या वजनाचा झोक निम्म्यावर येईल. मुलांमध्ये फिरायचं असेल तर मी हेच करेन. मान आणि शेपटीचं स्वतःचं वजन या हिशेबात नाही, म्हणून शेवटी रिकामा सूट त्या दोन बोल्टवर टांगून बघा. नाक खाली गेलं तर मागे थोडं थोडं वजन वाढवत जा.

केबलवाला:
जबडा उघडतो कारण केबलचं बाहेरचं आवरण मानेत ताणलं जातंय. आवरण दोन्ही टोकांना पक्कं बांधा, एक टोक ब्रेकच्या दांड्यापाशी, दुसरं कवटीत. मधे, मानेच्या सांध्यापाशी, मोठं सैल वळण सोडा आणि तिथे कुठेही झिप टाय लावू नका. मान दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा; आवरण कुठेच ताठ होता कामा नये. जबडा मिटायला स्प्रिंग हलकी घ्या, जड घेतली तर बोटं लवकर भरून येतात.

ब्लूटूथमध्ये सहज ०.१ ते ०.३ सेकंद जातात. स्पीकर वायरने जोडा आणि दांड्याखाली मायक्रोस्विच (जरा दाबताच चालू होणारं छोटं बटण) बसवा. दांडा दाबला की जबडा आणि आवाज एकदमच सुटतात.

पडद्याआडून:
आवरण मधे दोन ठिकाणी झिप टायने बांधलेलं आहे, ते काढतो. रडणाऱ्या मुलांचं काय?

मैदानातला:
पहिली एंट्री दिवे चालू ठेवून, समोरून आणि डरकाळीविना करा. मागून कधीच नको. मुलाकडे सरळ चालत जाऊ नका, तिरकं जा, दोन मीटरवर थांबा, डोकं मुलाच्या डोळ्यांखाली न्या. सोबतच्या माणसाने आधी स्वतः नाकाला हात लावायचा. हा माणूस टाळताच येणार नाही, कारण मानेतल्या जाळीतून पायाशी आलेलं मूल दिसत नाही.

आत फोममुळे प्रचंड उकडतं. पोटाखाली हवा आत यायला जाळी आणि मानेच्या वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा १२ व्होल्टचा पंखा लावा. आतल्या आत हवा फिरवून काही होत नाही. एका खेपेला १५ मिनिटं, त्याहून जास्त नाही.

जीवाश्मवेडा:
पाटीवर वेलोसिरॅप्टर लिहू नका, तो जेमतेम दोन मीटर लांब होता. तुमच्या मापाला डायनोनिकस बसतो. त्याच्या हातांवर पिसं लावा. वेलोसिरॅप्टरच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या गाठी सापडल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालंय आणि हा त्याचा जवळचा नातलग. तळवे जमिनीकडे नकोत, टाळी वाजवताना असतात तसे समोरासमोर हवेत. सात-आठ वर्षांची पोरं हे बरोबर पकडतात.