शिकार, पारध की वाघूर? इतुरीच्या जंगलासाठी मराठी शब्द

प्रश्न : काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या ईशान्येला इतुरीचे सदाहरित जंगल आहे. तिथल्या म्बुटी लोकांवरचा एक लेख मराठीत आणतोय. 'हंटर-गॅदरर'साठी पुस्तकांत 'शिकारी-संग्राहक' सापडतो, पण तो घशाखाली उतरत नाही. जाळी लावून सगळी वस्ती मिळून शिकार करते, तिला वेगळा शब्द आहे का? आणि 'पिग्मी' चालेल का?

उत्तर : 'पिग्मी' टाळाच. मूळ ग्रीक शब्द कोपरापासून मुठीपर्यंतच्या मापाचा, म्हणजे नाव पडले ते उंचीवरून, आणि ते ज्यांना चिकटवले त्यांतल्या अनेकांना ते अपमानाचे वाटते. म्बुटी, एफे, आका, बाका ही त्या त्या लोकांची नावे आहेत की! शिवाय मराठी वाचकाला पिग्मी म्हटले की रोज दुकानात पैसे गोळा करायला येणारा पतसंस्थेचा एजंट आठवणार.

'संग्राहक'ची अडचण अर्थाचीच आहे. संग्राहक म्हणजे नाणी, तिकिटे जमवून जपणारा. म्बुटी साठवून ठेवत नाहीत. आज मिळाले ते आज-उद्यात वाटून संपते. 'कंदमुळे-फळे खाऊन राहणारे' लिहिलेत तर ऋषिमुनी डोळ्यांपुढे येतील. साधी क्रियापदे वापरा : कवचफळे वेचतात, रानकंद उकरतात, अळिंबी खुडतात, अळ्या गोळा करतात. एकच नाव हवे असेल तर 'शिकार करून, रान वेचून जगणारे'. लांब आहे, पण खरे आहे.

दुसरे उत्तर : खरे, पण पूर्ण नाही. त्यांच्या पोटात जाणाऱ्या अन्नाचा मोठा भाग शेजारच्या बिरा शेतकऱ्यांकडून येतो : स्वयंपाकाची केळी, कसावा. बदल्यात मांस, मध आणि शेतातले काम. हे लेखात न सांगता नुसते 'शिकार करून जगणारे' लिहिले तर वाचकाची फसगत होईल.

जाळ्याच्या शिकारीसाठी मात्र मराठीत आयता शब्द पडून आहे : वाघूर. संस्कृत वागुरा, जनावरे धरायचे जाळे. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात पारध्याच्या सामानात पाशाबरोबर वागुराही आहे. (जळगावकरांना वाघूर म्हणजे नदी आणि धरण, तेवढे सांभाळून घ्या.) इतुरीत ही जाळी वेलीच्या सालीच्या दोरीची, कमरेएवढी किंवा थोडी उंच, एकेक तीस मीटरांपासून शंभरपर्यंत लांब. प्रत्येक घर आपापले जाळे आणते. टोकाला टोक जोडून मोठी कमान धरतात आणि पुरुष जाळ्यामागे दबा धरून बसतात. समोरून बायका-मुले झुडपे बडवत, ओरडत येतात. याला आपल्याकडे हाका घालणे म्हणतात, रान उठवणे म्हणतात. 'रान उठवणे' आता वर्तमानपत्रांनी पळवलाय, पण इथे तो मूळ अर्थाने बसतो. बायकांना 'मदतनीस' लिहू नका. त्यांच्या हाक्याशिवाय जाळ्यात काही पडत नाही. सापडतो तो बहुधा डायकर, आफ्रिकेतला ठेंगणा कुरंग. त्यातला निळा डायकर चार-पाच किलोचा, आपल्या पिसोरीहून (सशाएवढ्या मूषक-हरणाहून) थोडा मोठा. 'हरीण' लिहिलेत तर वाचक चितळाएवढे जनावर कल्पील.

सावज कोणाचे? ज्याच्या जाळ्यात अडकले त्याचे. पण वाटे ठरलेले असतात, त्यामुळे 'मालक' हा शब्द जपून वापरा.

प्रतिप्रश्न : मग 'पारध' का नको?

उत्तर : चालेल, पण पारध म्हटले की फासेपारधी आठवतात, आणि त्यांची खासियत फासा. तितर-लावे फाशात धरणे वेगळे आणि हाका घालून जाळ्यात जनावर लोटणे वेगळे. 'वाघुरीची शिकार' लिहा आणि पहिल्या वेळी अर्धे वाक्य खुलासा द्या.

आणखी एक, मधाबद्दल. 'पोळे झाडणे' इथे लागू नाही. तो शब्द आग्या मोहोळासारख्या उघड्या पोळ्याचा. इतुरीतल्या मधमाश्या उंच झाडाच्या ढोलीत असतात. माणूस वर चढतो, धूर देतो, कुऱ्हाडीने ढोलीचे तोंड मोठे करतो आणि हाताने पोळी बाहेर काढतो. म्हणून 'ढोलीतला मध काढणे'. हंगामात शिकार मागे पडते आणि मध हेच मुख्य अन्न होते, तेव्हा मधाला 'रानमेवा' म्हणून उरकू नका.

तिसरे उत्तर : 'म्बुटी जाळ्याने शिकार करतात' हे वाक्य साऱ्या इतुरीला लावू नका. एफेही तिथलेच, पण ते प्रामुख्याने धनुष्यबाणवाले. त्यांच्या सामूहिक शिकारीला 'मोता' म्हणतात. तिथली कुत्री फारशी भुंकत नाहीत, म्हणून त्यांच्या गळ्यात लाकडी खुळखुळा बांधतात आणि त्याच्या आवाजावरून तिरंदाज जागा धरतात. 'मोता' तसाच ठेवा, त्याला वाघूर म्हणू नका.