मॉलमुळे इंदूरच्या हाती नेमके काय लागते?

रामबागी

इंदूरची हुकूमचंद मिल ही कापड गिरणी १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली आणि तिच्या ५,८९५ कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. तिच्या सुमारे साडेबेचाळीस एकर जमिनीवर आता गृहनिर्माण मंडळ आणि महापालिका मिळून निवासी व व्यापारी बांधकाम करणार असल्यामुळे, 'तिथे एखादा मोठा मॉल झाला तर मिल भागाला पुन्हा रोजगार मिळेल' असे सांगणारे लोक लग्नकार्यात हमखास भेटतात. मॉल होणारच असे माझे म्हणणे नाही. मात्र ही अपेक्षा कितपत खरी आहे, ते तपासून पाहावे म्हणून हा धागा.

गिरणी आपले कापड बाहेरगावी विकून पैसा इंदुरात आणत असे. मॉल बाहेरचा माल इंदूरकरांना विकतो. पीथमपूरचे कारखाने, सुपर कॉरिडॉरवरील टीसीएस आणि इन्फोसिस, सरकारी पगार आणि माळव्यातील शेतमालाचा व्यापार यांतून जो पैसा शहरात आधीच आलेला असतो, तो कोणत्या गल्ल्यात पडावा एवढेच मॉल ठरवतो. एम. जी. रोडवर ट्रेझर आयलंड झाला, विजयनगरकडे सी-२१, मल्हार मेगा आणि मंगल सिटी जवळजवळ उभे राहिले, आणि २०२२ च्या डिसेंबरात बायपासवर सुमारे दहा लाख चौरस फुटांचा फिनिक्स सिटाडेल सुरू झाला. प्रत्येक वेळी नव्या नोकऱ्यांचा आकडा सांगितला गेला. मात्र जुन्या दुकानांतून आणि जुन्या मॉलमधून किती माणसे कमी झाली, याची वजाबाकी कुणी केली नाही. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ डेव्हिड न्यूमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉलमार्टबाबत ही वजाबाकी केली, तेव्हा दुकानात लागलेल्या प्रत्येक माणसामागे त्या परिसरातील किरकोळ व्यापारातील सुमारे १.४ माणसांचे काम गेल्याचा निष्कर्ष २००८ साली निघाला.

उज्जैन, देवास, धार, खरगोन येथून खरेदीला येणाऱ्या कुटुंबांचा खर्च आणि पूर्वी मुंबई-अहमदाबादेला जाऊन होणारी खरेदी, एवढीच मला खरी भर वाटते. मॉल ही सोय आहे, ती अवश्य असावी. पण रोजगाराच्या नावाखाली सार्वजनिक जमीन किंवा करसवलत तिला मिळू नये.

पक्की_पावती

रामबागी साहेब, आपण नोकऱ्या मोजल्या, पण कोणती नोकरी गेली आणि कोणती आली हे पाहिले नाही. दुकाने आणि लहान कंपन्या यांच्या पगारपत्रकांचे काम मी करते, म्हणून थोडे तपशिलात लिहिते.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, साधारणपणे दहा माणसांच्या आस्थापनेपासून लागू होते आणि भविष्यनिर्वाह निधी वीस माणसांपासून. राजवाड्याभोवतीच्या ज्या दुकानात मालक, त्यांचा मुलगा आणि चार नोकर आहेत, ते दुकान कायदा न मोडताही या दोन्हींच्या बाहेर राहते. तिथला माणूस वीस वर्षे गादीवर बसून कापड दाखवतो, दिवाळीला बोनस आणि मिठाईचा डबा घेतो आणि आजारी पडला की शेठजींच्या मर्जीवर अवलंबून असतो. (शेठजी पुष्कळदा मदत करतातही, हे मान्य; पण मर्जी हा हक्क नव्हे.) ब्रँडच्या दुकानात माणसे पाचच असली, तरी कंपनीच्या सर्व शाखा मिळून एकच आस्थापना धरली जात असल्याने त्या पाचांचाही निधी कापला जातो, आणि पगार २१,००० रुपयांच्या आत असेल तर कुटुंबाच्या उपचारांची व कामावरच्या स्त्रियांच्या २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेची सोय होते. बारावी झालेली सुदामानगरची मुलगी रात्री साडेनऊपर्यंत काउंटरवर उभी राहू शकते, कारण तिथे उजेड आहे, सुरक्षारक्षक आहे आणि स्वच्छतागृह आहे. ही मुलगी आधीच्या कोणत्या दुकानातून 'वजा' झाली, ते मला दाखवा; ती आधी कामावरच नव्हती.

आणि अमेरिकेचाच आधार कशाला? इक्रियर या संस्थेने २००८ मध्ये भारतातील लहान दुकानदारांची पाहणी केली, तेव्हा संघटित व्यापाराच्या स्पर्धेमुळे बंद पडणाऱ्या दुकानांचे प्रमाण वर्षाला १.७ टक्के आढळले होते, आणि सुरुवातीचा फटका काळानुसार कमी होत जातो असेही दिसले होते.

कापडवाला

ताई, आपला मुद्दा वजनदार आहे, पण अर्धा आहे. त्या काउंटरवरचा शर्ट आला कुठून, हे आपण विचारलेच नाही.

माझा व्यवसाय महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधला आहे. सीतलामाता बाजारातील दुकानदार मुलांचे कपडे परदेशीपुऱ्यातील कारखानदाराकडून घेतो, तेही उधारीवर. दुकानात एक हजार रुपयांची विक्री झाली, की त्यातून कटिंग मास्तर, शिलाई कारागीर, काज-बटण करणारी बाई, इस्त्रीवाला, हम्माल आणि लोडिंग रिक्षावाला यांच्यापर्यंत थोडेथोडे पोहोचते, आणि हे सगळे पाच-सात किलोमीटरच्या आत राहतात. मॉलमधील ब्रँडची खरेदी त्यांच्या मुख्य कार्यालयातून एकत्र होते. माल तिरुपूर किंवा बेंगळुरूच्या बाजूने येतो आणि इंदूरचा कारखानदार कितीही चांगले शिवो, त्याला त्या रॅकपर्यंत पोहोचण्याचा रस्ताच नाही. म्हणजे गिऱ्हाईक बाजारातून मॉलमध्ये गेले, की एका सेल्समनची जागा दुसऱ्याने घेतली असे दिसते. मागची साखळी मात्र शहराबाहेर गेलेली असते, आणि ती कुठल्याच पाहणीत दिसत नाही, कारण कारखान्याला कुणी कुलूप लावत नाही, फक्त दहा मशिनी होत्या तिथे सहा चालतात. शिवाय नफा बाहेर जातो, भाडे बाहेर जाते, आणि करही कंपनीच्या मुख्यालयाच्या राज्यात जमा होतो.

पक्क्या नोकरीबद्दलही सांगतो. सफाई आणि सुरक्षा ठेकेदाराकडे असते आणि मोठ्या दुकानांतले कित्येक विक्रेते एजन्सीच्या पगारावर असतात. दिवसभर उभे राहणाऱ्या दुकान कर्मचाऱ्यांना बसायला जागा द्यावी, एवढ्यासाठी केरळला २०१८ मध्ये आणि तमिळनाडूला २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आमच्याकडे गादी तरी आहे.

मूळ_इंदूरकर_सध्या_पुणे

बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांबद्दल थोडेसे. उज्जैनच्या महाकाल मंदिराचा 'महाकाल लोक' हा परिसर ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून उज्जैनला निघालेला माणूस इंदूरला उतरतो, मुक्काम करतो आणि रात्री सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस आणि जोशींचा दहीवडा खातो. मॉल त्याच्या गावी असतोच. पुण्यात तर विचारूच नका. २०२० मध्ये 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीचे नूतनीकरण झाले, तिथे लावलेला सार्वजनिक पैसा स्थानिक दुकानदाराच्याच गल्ल्यातून परत येतो. रामबागी यांनी मॉलच्या खात्यावर बाहेरगावच्या लोकांची भर लिहिली आहे. खरगोन-धारच्या कुटुंबांपुरती ती बरोबर असेल, पर्यटकांपुरती मला ती पटत नाही.

हिशेबनीस

कापडवाले साहेबांचे करासंबंधीचे विधान दुरुस्त करायला हवे. १ जुलै २०१७ पासून लागू असलेला वस्तू व सेवा कर हा जिथे उपभोग होतो तिथे जाणारा कर आहे. माल बेंगळुरूहून आला आणि कंपनी मुंबईची असली, तरी इंदूरच्या काउंटरवर विकल्या गेलेल्या वस्तूवरील राज्याचा वाटा मध्य प्रदेशालाच मिळतो. तो भोपाळला जातो, आणि महापालिकेच्या हाती थेट पडतो तो मुख्यतः मालमत्ता कर, हा निराळा प्रश्न. कच्च्या बिलावर झालेल्या विक्रीतून मात्र भोपाळलाही काही मिळत नाही, हे आपल्या बाजारातील मंडळींना मी सांगायला नको.

भाड्याचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्यात एक गंमत आहे जिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. २००० नंतरच्या दशकात देशभर बांधल्या गेलेल्या अनेक मॉलमध्ये विकसकाने गाळे सुटे विकून टाकले. ते स्थानिक डॉक्टरांनी, व्यापाऱ्यांनी, निवृत्त अधिकाऱ्यांनी गुंतवणूक म्हणून घेतले, त्यामुळे भाडे शहरातच राहत असे. पण शंभर मालकांच्या शंभर मर्जी. कुणी मोबाइलचे दुकान आणले, कुणी कोचिंगचा क्लास, कुणी जास्त भाड्याच्या आशेने गाळा रिकामाच ठेवला. देखभालीची वर्गणी थकली की सरकता जिना बंद पडतो, आणि जिना बंद पडला की वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक चढत नाही. असे मॉल मोठ्या संख्येने ओस पडले. टिकले ते बहुधा एकाच मालकाच्या हातात राहिलेले, जिथे दुकानदार ठरावीक किमान भाडे किंवा विक्रीतला टक्का, यांतले जे जास्त असेल ते देतो आणि कोणते दुकान कुठे बसेल हे मालकच ठरवतो. अशा व्यवस्थेत मालकाला विक्री वाढवण्यात रस असतो, म्हणून तो मॉल चालतो. फिनिक्स याच पद्धतीचा आहे. आणि योगायोग असा, की ती कंपनी म्हणजे १९०५ साली मुंबईच्या लोअर परळ भागात निघालेली कापड गिरणीच.

थोडक्यात, भाडे ज्यात शहरात राहते तो मॉल चालत नाही आणि जो चालतो त्याचे भाडे बाहेर जाते. 'आमच्या शहरात मॉल हवा' असे म्हणताना यांतला कोणता हवा, हे आधी ठरवावे लागेल. किमान भाड्याच्या त्या अटीत महाराणी रोडचा किंवा जेल रोडचा दुकानदार सहसा बसू शकत नाही, हेही लक्षात घ्यावे.

पक्की_पावती

कापडवाले काका, ठेकेदाराकडची माणसेही कायद्याने निधी आणि ईएसआयच्या कक्षेत येतात, आणि ठेकेदाराने भरणा केला नाही तर मूळ मालकाला तो भरावा लागतो. तिथे चुकवेगिरी होते हे मला माझ्या कामामुळे चांगलेच ठाऊक आहे. पण तक्रार करायला निदान एक नोंद तरी असते. परदेशीपुऱ्यात काज-बटण करणाऱ्या ज्या बाईचा आपण उल्लेख केलात, तिला नगावर पैसे मिळतात. तिचे नाव कोणत्या हजेरीपटावर आहे? आपल्या साखळीत पैसा शहरात राहतो हे खरे, परंतु तो शेवटच्या हातापर्यंत पोहोचेपर्यंत किती उरतो, याचाही हिशेब मांडा. स्थानिक असणे एवढ्यावर एखादा रोजगार चांगला ठरत नाही.

रामबागी

नोकरीच्या दर्जाबद्दलचा ताईंचा युक्तिवाद मला मान्य आहे, आणि नव्याने कामावर आलेल्या मुलींना वजाबाकीत धरता येणार नाही, हेही. इक्रियरची पाहणी मात्र मॉल मोजके होते त्या काळातली आहे. बायपासवरच्या दहा लाख चौरस फुटांना ती तशीच लावता येणार नाही.

यामुळे माझा मूळ मुद्दा हलत नाही. खासगी कंपनीने स्वतःच्या पैशाने जमीन घेऊन मॉल उभारला, तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मिलची जमीन सार्वजनिक आहे, म्हणून तिथल्या व्यापारी भागासाठी अट घालता येईल. एक मजला स्थानिक उत्पादकांसाठी निश्चित भाड्याने राखून ठेवावा, असे मी सुचवतो.

हिशेबनीस

राखीव मजला सहसा सर्वांत वरचा मिळतो, आणि तिथले गाळे वर्षभरात पोटभाड्याने जातात. अट घालायचीच असेल तर पोटभाड्यावर बंदी आणि तळमजल्यावर जागा, या दोन्ही गोष्टी निविदेतच लिहाव्या लागतील. नंतर त्या कुणी मान्य करत नाही.

कापडवाला

मला तो मजलाच नको. परदेशीपुऱ्याचा कारखानदार एकेक शर्ट विकायला बसला, तर शिवणार कधी? त्याला परराज्यांतला घाऊक खरेदीदार हवा असतो. तो खरेदीदार सकाळी रेल्वेने उतरतो, दिवसभर अरुंद गल्ल्यांतून दहा कारखाने पाहतो आणि संध्याकाळी परत निघतो. मिलच्या जमिनीवर व्यापारी बांधकाम व्हायचेच असेल, तर घाऊक नमुनादालनांची दोन मजली इमारत बांधावी, मागे ट्रक लागेल एवढी जागा ठेवावी आणि वर पंचवीस-तीस खोल्यांचे साधे विश्रामगृह असावे. ताईंनी म्हटलेला हजेरीपट तिथल्या गाळ्याच्या करारात अट म्हणून घातला, तरी माझी हरकत नाही. आमच्यातले काही जण कुरकुर करतील, पण जागा मिळत असेल तर सही करतील.

पक्की_पावती

करारात ती अट असेल, तर या इमारतीला माझा पाठिंबा आहे. फक्त स्वच्छतागृहे दोन्ही मजल्यांवर असू द्या.