पफ-पफ गोल होत नाहीत, तेलही फार पितात – मदत हवी आहे

आम्ही चार वर्षं नायजेरियात लागोसला होतो, इकेजा भागात. मुलीला शाळेतून आणताना कोपऱ्यावर एक बाई मोठ्या कढईत पफ-पफ, म्हणजे मैद्याचे गोड गोळे, तळत असायच्या. सगळे त्यांना 'ममा' म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. कागदात गुंडाळलेले ते गरम गोळे घरी पोचेपर्यंत संपायचे. आता पुण्यात आहोत. रविवारी लेकीला दहा वर्षं पूर्ण होतील आणि तिला केक नको, पफ-पफ हवेत. शिवाय सोबत सामोसे! नायजेरियात समारंभाला 'स्मॉल चॉप्स'च्या ताटलीत पफ-पफ, सामोसे आणि स्प्रिंग रोल एकत्रच येतात, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलंय.

दिसायला आपल्या गुलगुल्यांसारखेच, पण यीस्टने फुगवलेले, त्यामुळे आतून पावासारखी जाळी. मी घेतलं ते असं: 2 वाट्या मैदा, अर्धी वाटी साखर, 1 चमचा इन्स्टंट यीस्ट, चिमूटभर मीठ, जायफळ, दीड वाटी कोमट पाणी. दोन तास झाकून ठेवलं.

दोनदा केले, दोन्ही वेळा चपटे झाले, शेपट्या आल्या, आणि टिपकागद तेलाने भिजला. दुसऱ्या वेळी पिठाला आंबूस वासही होता. ममा पिठात हात घालून मूठ आवळायच्या, अंगठा आणि तर्जनीमधून गोळा वर यायचा, तो तेलात सोडला की फुगून आपोआप उलटायचा. माझे तसे का होत नाहीत? पीठ चुकतंय, तेल की हात? कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद
ताई, आम्ही आक्राला होतो. घानात यांना बोफ्रोट म्हणतात, तिथलं पीठ जरा घट्टच असतं. तुमचं पाणी जास्त झालंय, सव्वा वाटीच्या वर जाऊ नका. पीठ ओतता येता कामा नये, हाताला चिकटून ओढलं गेलं पाहिजे. आणि मे महिन्यात दोन तास फार होतात. पीठ दुप्पट झालं, वर बुडबुडे दिसले की लगेच तळायला घ्या, पाऊण तासातही होईल. जास्त आंबलं की जाळी खचते आणि तेल शिरतं. कढईत तेल खोल हवं, गोळा तळाला टेकला की चपटा झालाच. आच मध्यम. आधी एकच गोळा सोडून बघा: लगेच काळपटला तर तेल फार तापलंय, तळाशीच बसून राहिला तर अजून तापायचंय.

शेपटीसाठी हात पाण्यात बुडवून घ्या आणि तेलाच्या अगदी जवळून सोडा.

धागाकर्ती
मनापासून आभार! आज अर्ध्या प्रमाणात करून पाहिले. बारापैकी नऊ गोल झाले आणि चार आपोआप उलटले. आंबूस वास अजिबात नाही. आता एकच शंका: रविवारी तीस मुलं आहेत, तर पीठ दोन टप्प्यांत भिजवू की एकदाच भिजवून अर्धं फ्रिजमध्ये ठेवू?